किटलीच्या पोटात

"हललीस तर बघ," मुलगा कॅमेऱ्यामागून ओरडला आणि आईने श्वाससुद्धा धरून ठेवला.

तिच्या दोन्ही हातांत थर्माकोलचा पांढरा तक्ता होता. समोर टेबलावर स्टीलची कोरी किटली. डावीकडच्या खिडकीच्या काचेवर बटरपेपर चिकटवलेला होता, म्हणजे बाहेरचा उजेड आत येताना मऊ होऊन यावा. तो उजेड तिने तक्त्यावर झेलायचा आणि किटलीच्या सावलीतल्या बाजूवर परत टाकायचा. सांगायला एवढंच काम. पण तक्ता दोन बोटं पुढे सरकला की किटली पांढरीफटक पडे आणि दोन बोटं मागे गेला की अर्धी काळोखात जाई. बासष्ट वर्षांच्या बाईने सकाळी नऊपासून हे दोन बोटांचं गणित सांभाळायचं, तेही हात खांद्यांपर्यंत उचलून.

कॅमेऱ्याचा पडदा उघडला. चार सेकंदांनी मिटला. मुलाने मागच्या स्क्रीनवर पाहिलं आणि हाताला लागला तो डबा उचलून भिंतीवर भिरकावला. डबा आईच्या कानाजवळून गेला.

"आलीस परत किटलीत!"

त्या घरात हा एक गुन्हाच होता, किटलीत येण्याचा. चकचकीत भांडं म्हणजे फुगीर आरसा. समोरची अख्खी खोली ते पोटात घेतं. खिडकी, टेबल, पंखा आणि तक्ता धरून उभी असलेली बाई. बाई तक्त्यामागे नीट लपली तर नुसता पांढरा पट्टा दिसतो, तो हवाच असतो. पण हात भरून आले, तक्ता जरा खाली आला, की वरून पांढरे केस आणि चष्मा डोकावतो. बोटभर बाई, पण दिसते. आणि किटली विकणाऱ्याला बाई नको असते.

पहिल्या वर्षी या गुन्ह्याला "काय गं आई!" एवढीच शिक्षा होती. दुसऱ्या वर्षी शिव्या आल्या. मग दंड धरून हिसडणं आलं, मग थप्पड आली आणि मागच्या थंडीत पाण्याचा जग आला. दीड लिटरचा. काठ भुवईवर बसला, चार टाके पडले. आता ढगाच्या थोबाडीत मारता येत नाही आणि उन्हाची बखोटी धरता येत नाही. आई मात्र हाताशी असते. टाके घालायला ती स्वतःच्या जुन्या हॉस्पिटलात गेली नाही, लांबच्या एका दवाखान्यात गेली. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला?

सुनेला हे तिच्याआधी कळलं होतं. ती दीड वर्षातच बॅग भरून निघाली. दारात चप्पल घालताना सासूला म्हणाली, "आई, तुम्हीपण चला." सासू म्हणाली, "मी कुठे येऊ गं? माझं घर आहे हे." शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिने सांगितलं, दोघांचं पटलं नाही. सून वाईट होती असं मात्र ती कधी म्हणाली नाही, तेवढी लाज तिने राखली.

आणि ही बाई कोण, म्हणाल, तर एके काळी मोठमोठ्या सर्जनना "आधी दार लावा!" म्हणून दटावणारी. मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागाची अंधारखोली होती. तिथे तांबड्या दिव्याखाली तीस वर्षं तिने फिल्मा धुतल्या. दाराच्या फटीतून केसाएवढा उजेड आला तरी कोणाच्या तरी फुफ्फुसाचा सत्यानाश व्हायचा, म्हणून त्या खोलीत तिचाच कायदा चाले. सगळे तिला अंधारबाई म्हणत. पुढे फिल्म न लागणारी यंत्रं आली, अंधारखोलीत जुन्या खुर्च्या भरल्या आणि अंधारबाई निवृत्त होऊन उजेडात आली.

मुलाला उजेड तिनेच शिकवला होता. तो सात वर्षांचा असताना खिडकीत अंडं ठेवलं होतं. एका बाजूला पांढरा कागद धरला, अंड्याची सावली विरघळली. मग दुसऱ्या बाजूला काळा कागद धरला, तसा अंड्याला काठ आला, ते गोल दिसायला लागलं. "आई, अंडं फुगलं!" तो टाळ्या पिटत म्हणाला होता. पुढे तो एका स्टुडिओत लागला, स्टुडिओ बंद पडला, तो कॅमेरा घेऊन घरी आला आणि भांड्यांचे फोटो काढायला लागला. हात चांगला होता त्याचा. हात चांगला होता हेच तर दुखणं.

आजचं प्रकरण कालपासून शिजत होतं. भांड्यांच्या कारखान्यातून मॅनेजरचा फोन आला होता. "अहो, तुमच्या किटलीच्या पोटात कोण बाई बसलीय? आम्ही किटल्या विकतो, भुतं नाही." मागे चारचौघं हसल्याचं ऐकू आलं. किटलीत राहून गेलेली बाई कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं कामही आईचंच. शेजारचं स्टील उचलायचं आणि आपल्या अंगावर थापायचं, की आपण नाहीसे. तीन वर्षांत तिने दोनशे-सव्वादोनशे भांड्यांतून स्वतःला पुसलं होतं. काल एकदा राहिली. मॅनेजरने सांगितलं, उद्या चारपर्यंत स्वच्छ फोटो द्या, नाहीतर काम दुसऱ्याला.

"अरे, मी सांगू का?" डबा भिंतीला लागून खाली पडला होता, तो उचलत आई म्हणाली. "मला इथून काढूनच टाक. किटलीभोवती बटरपेपरचा तंबू कर, सगळ्या बाजूंनी. लेन्सपुरतं भोक ठेव. मग खोलीच दिसणार नाही, मी कुठून दिसणार?"

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही रे."

"किटली पिठासारखी पांढरी होईल. काठ कुठून आणू? तू देणार?"

"आतून काळ्या कागदाची पट्टी लाव ना. काठ येईल."

तिचं बरोबर होतं, हे त्याला कळलं होतं आणि त्याला नेमकं तेच सोसत नसे. त्याच्या मानेवरची शीर फुगली. आईने ती पाहिली आणि मुकाट्याने तक्ता उचलून जागेवर जाऊन उभी राहिली.

बाहेर ढग आला. खोली मावळली. त्याने वेळ वाढवून आठ सेकंद केली आणि वायरचं बटण दाबलं. पडदा उघडला. पहिल्याच सेकंदाला आईचा तक्ता दोन बोटं खाली आला. त्याने बटण टाकलं, टेबलाला वळसा घातला, काळं कापड टांगायची लोखंडी नळी कोपऱ्यातून उचलली आणि तिच्या डोक्यावर उगारून उभा राहिला.

"सरळ धर! हलू नकोस!"

आता काय म्हणावं या बाईला? डोक्यावर लोखंड आहे, पोटचा पोर दात खातो आहे आणि ती हलली नाही. का, तर पडदा उघडा आहे. चालू फोटोत हलायचं नाही. ओठांतल्या ओठांत ती मोजत राहिली. पाच, सहा, सात, आठ. पडदा मिटल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तिने तक्ता खाली ठेवला.

तोही नळी हातात तशीच घेऊन कॅमेऱ्याकडे गेला. स्क्रीनवर किटली झकास आली होती, पण पोटात काळंपांढरं काहीतरी होतंच.

"परत! परत आलीस! तुला मुद्दाम करायचंय का हे?"

आईने मान पुढे करून स्क्रीन पाहिली. तिचे डोळे या कामात मुरलेले, तिला मोठं करून बघायची गरज नव्हती.

"मी आहेच," ती म्हणाली. "पण तूपण आहेस. नीट बघ. किटलीत तू आलायस."

तिने हे टोमण्याने म्हटलं नव्हतं. जे दिसलं ते सांगितलं. पण खरं बोललं की सख्ख्या आईचा राग येतो म्हणतात, तसं झालं. नळी आली. आईने डावा हात डोक्यावर घेतला. वाळकी काटकी मोडावी एवढाच आवाज झाला. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा टेबलावर, त्याने टेबलावरची किटली खाली लोळली. मग त्याने नळीच फेकून दिली आणि थर्माकोलचा तक्ता गुडघ्यावर घेऊन मोडला, त्याचे तुकडे लाथाडले, खिडकीचा बटरपेपर टराटरा फाडला. ढग सरकला होता. नागडं ऊन भसकन खोलीत आलं आणि आई त्या उन्हात भिंतीला टेकून बसलेली दिसली.

तिने हाताकडे पाहिलं नाही. काय मोडलं ते तिला न बघता कळलं होतं.

"तुला गप्प बसता येत नाही का गं?" तो म्हणाला आणि रडायला लागला. रडता रडताच त्याने टॉवेल आणला, घडी घालून तिचा हात हळुवार गळ्यात बांधला. गाठ टोचत नाही ना, हेही विचारलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"आई, सव्वातीन झालेत. आत्ताचा फोटो उजेडाला सुरेख आलाय. एवढा साफ करून दे, मग लगेच हॉस्पिटल. दहा मिनिटांचं तर काम आहे तुझं."

ती उठली आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. तुम्ही म्हणाल, का उठली? ते तिलाही सांगता आलं नसतं. उजवा हात शाबूत होता आणि काम हातावेगळं करायची तीस वर्षांची सवय होती.

तिने किटलीचं पोट मोठं केलं. आणखी मोठं केलं. तक्त्यावरून तिचा चेहरा आला होता, स्वच्छ, चष्म्याच्या काड्यांसकट. मागे तो होता. आठ सेकंदांतल्या पहिल्या दोनेक सेकंदांना तो तिथे नव्हता, म्हणून जरा विरळ आलेला, पण वर केलेला हात आणि नळी कोणालाही ओळखू आली असती. तिला वाटलं होतं, आपला चेहरा घाबरलेला असेल. तसा तो नव्हता. ती बाई शांतपणे मोजत होती. डोक्यावर नळी आणि बाईचं सगळं लक्ष तक्ता सरळ राहतो की नाही याच्याकडे. अंधारबाईला त्या बाईचा असा संताप आला की हातातला माऊस तिच्या तोंडावर मारावासा वाटला. अगं, माणूस आहेस की स्टँड?

तरी तिने पुसलं. आधी स्वतःला पुसलं, मग नळी पुसली. नळी गेल्यावर मुलगा नुसता हात हलवून कोणाला तरी बोलावतोय असं दिसायला लागलं. तिथे ती जरा थांबली. मग तोही पुसला. स्टीलवर स्टील बसलं. किटलीत आता खिडकी होती आणि पांढरा पट्टा होता, माणूस औषधालाही नव्हतं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोटो गेला. "वा!" मॅनेजरने लगेच कळवलं. मुलाने ते तिला वाचून दाखवलं.

मग त्याने तिला स्कूटरवर बसवून नेलं. खड्डा आला की वेग कमी करून म्हणायचा, "सांभाळ गं, आई." लांबच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र नव्हतं, म्हणून तिच्याच जुन्या हॉस्पिटलात जावं लागलं. तातडीच्या विभागात नवी पोरगेली डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "काय झालं?" मुलगा म्हणाला, "बाथरूममध्ये घसरली." तिने चिठ्ठीवर लिहिलं, बाथरूममध्ये घसरून. दारात लाकडी टेबल टाकून हॉस्पिटलच्या चौकीचा हवालदार बसला होता, त्याच्यासमोरून तिला ढकलखुर्चीतून एक्स-रेकडे नेलं.

एक्स-रेच्या दारात मुलाला बाहेर थांबवलं. नातेवाइकांना आत येता येत नाही. तिचा चष्मा आणि पिशवी सांभाळत तो बाकावर बसला.

आत लांब्या होता. उंचीमुळे पडलेलं हे नाव तिनेच ठेवलेलं. हाताखाली शिकायला आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता केस पिकलेले.

"बाई! तुम्ही?"

"मीच. काढ लवकर. दोन बाजूंनी काढ."

"मला शिकवताय?" तो हसला आणि तिचा हात असा काही अलगद फळीवर ठेवला की तिचे डोळे भरून आले. दुपारपासून पहिल्यांदाच.

चित्र पडद्यावर आलं. दोघांनी पाहिलं. लांब्या चिठ्ठीकडे बघायचा, पडद्याकडे बघायचा.

"बाई, मनगट शाबूत आहे."

"दिसतंय."

"पडताना माणूस पंजा टेकतो. मनगट जातं. मला कोणी शिकवलं हे?"

"मीच."

"आणि हे असं, करंगळीच्या बाजूचं हाड, बरोबर मधोमध?"

असा हात कधी मोडतो ते त्या विभागातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डोक्यावर येणारा घाव हातावर घेतला की मोडतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशीच एक बाई आली होती, चिठ्ठीवर घसरून लिहिलेलं. अंधारबाई ओली फिल्म निथळत तशीच बाहेर गेली होती आणि डॉक्टरांना म्हणाली होती, "साहेब, चिठ्ठी चुकीची लागलीय. बदला." चुकीची चिठ्ठी लागलेली फिल्म तिने आपल्या खोलीतून कधी बाहेर जाऊ दिली नाही. त्या बाईने मग तिला कॉरिडॉरमध्ये गाठून तळतळाट दिला होता. "माझं घर मोडलंस. तुझं काय गेलं?" तेव्हा अंधारबाईला वाटलं होतं, किती अडाणी बाई आहे. आज तिला त्या बाईची क्षमा मागावीशी वाटली. तिचं खरोखरच काही गेलं नव्हतं.

"कोण आहे बाहेर?" लांब्याने हळूच विचारलं.

"मुलगा."

लांब्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "मी तुमच्याइतका खमक्या नाही, बाई. घसरून म्हणालात तर घसरून. प्लास्टर तेच लागणार आहे. नाहीतर डॉक्टरीणबाईंना बोलावतो, हवालदारही येईल. पण एकदा लिहिलं की ते पुसता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

बाहेरून आवाज आला. "अजून किती वेळ?" आवाजात चिडणं होतं आणि घाबरणंही होतं. तिला दोन्ही वेगवेगळं ऐकू आलं.

"त्याला नेतील?"

"नेतील. आजची रात्र तरी ठेवतील."

"डबा देऊ देतात का?"

"देतात. उद्या सकाळी. मी देऊन येईन हवं तर."

"तिखट चालत नाही त्याला," ती म्हणाली. मग पडद्यावरच्या त्या हाडाकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं. चिठ्ठी चुकीची होती. पोटच्या पोरासाठी आणखी किती चिठ्ठ्या चुकीच्या लावायच्या आणि पुढच्या वेळी चिठ्ठी लावायला आपण तरी असू का, असं तिच्या मनात आलं आणि तिला भीती वाटली. मघाशी नळीखाली उभं असताना वाटायला हवी होती ती भीती आत्ता आली.

"बोलाव," ती म्हणाली.

हवालदार मागच्या दाराने आला. उतारवयाचा माणूस होता. टोपी काढून त्याने कागद मांडीवर घेतला. डॉक्टरीण बाजूला उभी राहिली.

"कोणी मारलं, मावशी?"

"मुलानं."

"कशानं?"

"लोखंडी नळीनं. दीड हात लांब. आज दुपारी तीनच्या सुमाराला."

"याआधी कधी?"

तिने सगळं ओळीने सांगितलं. भुवईचे टाके, ते कुठे घातले, काय खोटं सांगितलं. दंडावरच्या खुणा कधीच्या, दात कधी हलला, सून का गेली. आवाज एकदाही चढला नाही. लिहिता लिहिता हवालदाराचं पेन दोनदा थांबलं. डॉक्टरीणबाईने आपल्या हाताने मघाची ओळ खोडून वर नवी लिहिली आणि सही केली.

"मुलाचं नाव?"

तिने त्याचं नाव सांगितलं. मग बापाचं, मग आडनाव. पहिल्या दिवशी शाळेत नाव घालताना बाईंपुढे सांगितलं होतं तसंच, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक होऊ नये. त्या दिवशी तो तिचं बोट धरून उभा होता. आज तो एका दारापलीकडे तिचा चष्मा धरून बसला होता आणि दार बंद होतं.

"वय?"

"पुढच्या महिन्यात पस्तीस होईल."

हवालदाराने लिहिलं. ती खुर्चीतून वाकली, चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक करून कागद वाचला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"चौतीस करा," ती म्हणाली. "अजून महिना आहे त्याला."